सेफ्टीसाठी आणखी एकदा

नागपूरला जायचं तर संत्र्याच्या दिवसांत जा, असं मला ज्यानं त्यानं सांगितलं होतं. आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो आणि परत येईपर्यंत संत्र्याची फोडही तोंडात टाकली नाही. नागपूर म्हटलं की आजही मला संत्री आठवत नाहीत. एक कात्री आठवते, आणि ती आठवली की पुढचा घास गोड लागत नाही.

गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची. मी पुण्यात फिल्म शिकत होतो. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं बारा मिनिटांचा एक माहितीपट करायचा असे. त्या वर्षी आमच्या सरांनी नवंच काढलं. माहितीपट नववी-दहावीच्या मुलांसाठी करायचा. "तुमच्या फिल्मकडे मी बघणारच नाही," ते म्हणाले. "शाळेत लावू, मी पडद्याकडे पाठ करून उभा राहीन आणि पोरांच्या तोंडाकडे बघेन. पोरं चुळबुळली की तुम्ही नापास." पहिल्या वर्षी मी दगडाच्या खाणीवर केलेल्या फिल्मला मशीन चालवणारा माणूससुद्धा झोपला होता. त्यामुळे हा टोला कुणाला आहे ते वर्गात सगळ्यांना कळलं. या खेपेला नापास झालो असतो तर वडील मला गावी नेऊन दुकानाच्या गादीवर बसवणार होते, आणि तसं त्यांनी पोस्टकार्डावर लिहून कळवलंही होतं.

विषय मी हातमागाचा घेतला. त्यात माझी कसली आस्था नव्हती. एका ओळखीच्या माणसानं नागपूरच्या विणकर सोसायटीतल्या कारकुनाला पत्र टाकलं, त्यानं सोमाजी नावाच्या म्हाताऱ्या विणकराचा पत्ता धाडला, आणि आयता पत्ता मिळाला म्हणून विषय ठरला. कॅमेरा चालवायला माझ्याच वर्गातला दिनकर बरोबर होता. कॅमेरा चावीचा, एकदा चावी भरली की जेमतेम अर्धा मिनिट चालणारा. आवाज वेगळ्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचा, तो माझ्या गळ्यात.

पहिला दिवस : जागा

स्टेशनवर उतरलो तेव्हा कळलं की गावात विधानसभेचं अधिवेशन भरलेलं आहे. ही एवढी साधी गोष्ट पुण्यात कुणाला सुचली नव्हती. सीताबर्डीपासून सुरुवात करून आम्ही एकेक लॉज पालथा घातला. प्रत्येक लॉजच्या दारात खादीतली माणसं दात कोरत उभी. शेवटच्या मॅनेजरनं आमच्या पेट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "अधिवेशनात येऊन रूम मागून राहिले? इथं आमदाराच्या साळ्याले जागा नाही भेटून राहिली."

मग रिक्षात पेट्या टाकून जुन्या गावातल्या विणकरांच्या गल्लीत सोमाजींचं घर गाठलं. कल्पना अशी की भेट घ्यावी, पेट्या ठेवाव्यात आणि रात्र स्टेशनावर काढावी. सोमाजी सत्तरीचे, काटकुळे, धोतर गुडघ्यापर्यंत. जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी सुतानं बांधलेली. आमची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"मंग इथंच राहा," ते म्हणाले. "मागाच्या खोलीत तुमच्या दोघाईची पथारी पडते."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी तो किती दिवसांसाठी आलाय याचा अंदाज घेतात. इथं ते कुणी विचारलंच नाही. मी दोनदा नको म्हटलं, अगदी पुणेरी नको. म्हणजे तिसऱ्यांदा विचारतील या बेतानं. पण सोमाजी दुसऱ्यांदाही विचारायला थांबले नव्हते, ते चटई झटकत होते.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची नात कुंदा. पंधरा वर्षांची, नववीत. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि तोंडाचा पट्टा. तिचे वडील माग सोडून कन्हानकडे कोळशाच्या खाणीवर लागले होते, आई त्यांच्यापाशी. आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती. कुंदा शाळा करायची, आजोबांचा स्वयंपाक करायची आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. ती बोलायला लागली की पहिल्यांदा मला मुलगाच बोलतोय असं वाटायचं, कारण इकडच्या बायका-मुलीही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात.

त्या संध्याकाळी तिनं पाटोडीचा रस्सा केला. लाल तर्रीखाली बेसनाच्या वड्या बुडालेल्या. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली, दुसऱ्याला डोळे वाहू लागले. दिनकर तर पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन बसला.

"आबाजी, पुन्याचे पोट्टे रडून राहिले," कुंदा म्हणाली.

"रडू दे," सोमाजी म्हणाले. "वाढ त्याहिले आनखी."

त्या घरात आम्ही हसलो तो तेवढाच एक दिवस, असं आता मागं वळून बघताना वाटतं.

दुसरा दिवस : पोट्टे झोपतीन

माग जमिनीत खड्डा करून त्यावर बसवलेला. सोमाजी खड्ड्यात पाय सोडून बसत, खाली पायानं पावड्या दाबत आणि हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकत. समोर लुगडं विणलं जात होतं, वांगी रंगाचं, लाल काठाचं. खोलीत उजेड म्हणाल तर नाही. बाहेर आभाळ भरून आलेलं, आणि आमची फिल्म अशी की तिला भरपूर ऊन लागतं. मग आम्ही शेजारच्या माणसाला छपरावर चढवून दहा-बारा कवेलू, म्हणजे कौलं, काढायला लावले. घरधन्याला विचारलं, नाही असं नाही. पण आम्ही विचारलं तेव्हा माणूस शिडीवर चढलेला होता.

दिवसभर आम्ही धोटा टिपला. हात, पाय, फणी, चष्मा, पुन्हा धोटा. संध्याकाळी शाळेतून आल्यावर कुंदानं काय काय घेतलं ते विचारलं. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"याच्यात होते काय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही होते का याच्यात? धोटा इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. आमच्या वर्गातले पोट्टे झोपतीन."

मला राग आला. राग आला कारण ती खरं बोलत होती, आणि सर पडद्याकडे पाठ करून उभे आहेत हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मग तूच सांग काय घ्यायचं, असं मी जरा खोचकपणे म्हणालो. तिनं ते खोचक मानलंच नाही. ती विचार करायला बसली.

"एक तं मले बोलू द्या. आबाजी बोलत नाहीत, अन् बोलले का भाषण देतात. अन् बाहेर चला कुठं तरी. आमची सहल रामटेकले जाते, तिथं चला. अन् कापणी दाखवा."

कापणी म्हणजे लुगडं पुरं झालं की ते मागावरून कापून काढायचं. त्या घरात त्याची एक रीत होती. कात्रीला कुंकू लावायचं, घरात असतील तेवढ्या सगळ्यांनी उभं राहायचं आणि कापून होईतो कुणी बोलायचं नाही. कापल्यावर सोमाजी मागाला हात लावून 'येतो' म्हणत. माणूस घरातून निघताना म्हणतो, तसंच. परवा लुगडं पुरं होणार होतं.

"तेव्हा आमच्या घरी कोनी हलतसुद्धा नाही," कुंदा म्हणाली. "पोट्टे पन नाही हलनार."

आमच्या संस्थेत दोन वर्षांत मला फिल्मबद्दल इतकं उपयोगाचं कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा दिवस : रामटेक

रविवार होता, कुंदाही बरोबर होती. रामटेकला जाताना बसच्या खिडकीतून धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या भाताच्या गंजी, दिसत होते. कापून नेलेली शेतं, मधे साचलेलं करडं पाणी, आणि त्यावर ढग. माझ्या कोकणातही भातच पिकतं, पण तिथं डोंगर आणि समुद्र भाताला सोबत करतात. इथं सपाट जमीन आणि सपाट आभाळ, दोन्ही एकमेकांकडे बघत पडलेली. मला उगाच एकटं वाटलं.

गडावर माकडांनी दिनकरची पिशवी पळवली. तिच्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. एका माकडानं ठेचा चाखला आणि मग सगळी टोळी आमच्याकडे असं बघू लागली की आम्ही पायऱ्या उतरायला लागलो. कुंदा पोट धरून हसली. अर्ध्या वाटेत एका पायरीवर बसलो, मी टेप सुरू केला आणि तिला म्हटलं, बोल. आपल्या मागाबद्दल बोल, जसं मैत्रिणीला सांगशील तसं.

ती सुरेख बोलली. बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये आठेक मिनिटं तिचाच आवाज आहे. पण जे फिल्ममध्ये घेतलं नाही तेच मला पाठ आहे.

"माग हाय म्हनून आबाजी नागपूरले हायेत," ती म्हणाली. "आबाजी हायेत म्हनून मी हाय. माग बंद झाला का बाबा आमाले कन्हानले नेनार. तिकडे गेलो का शाळा बंद. पोरगी मोठी झाली, घरी राहू दे, असं म्हन्ते बाबा. मले तं दहावी कराची हाय. मंग डीएड."

"पण माग बंद कशाला होईल?" मी विचारलं.

तिनं मग एक गोष्ट समजावून सांगितली. मागावरचा प्रत्येक उभा धागा फणीच्या फटीतून आणि त्यामागं वईच्या, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीच्या, बारीक डोळ्यातून ओवलेला असतो. असे हजारांवर धागे. हे ओवण्याचं काम नजरेचं आणि सवयीचं, ते तिची आजी करायची. आजी गेली. सोमाजींना तेवढं बारीक दिसत नाही, आणि कुंदाला ते शिकवायचं राहूनच गेलं. पण कापणी करताना जुन्या धाग्यांची टोकं फणीत आणि वईत तशीच ठेवतात, झुपके बांधून. सोसायटीकडून नवा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, आला की त्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेक टोकाला पिळून सांधायचं आणि ओढून घ्यायचं. नवे धागे जुन्यांच्या वाटेनं आपोआप जातात.

"सांधनी येते मले," कुंदा म्हणाली. "दोन वर्षं झाले, आजीनं भरलेल्याच वईवर चालून राहिलं आमचं. पौषात नवा ताणा येनार हाय."

हे सगळं तिनं माझ्या तोंडावर सांगितलं. मी मान डोलावत होतो. पण माझे डोळे टेपवरच्या आवाजाच्या काट्यावर होते, कारण वारा सुटला होता आणि काटा थरथरत होता.

चौथा दिवस : कापणी

सकाळी उजेड परतवायला पांढरं कापड हवं म्हणून गांधीबागेत गेलो. दुकानदारानं ठाणच्या ठाण उलगडलं. कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा मी हातमागाची फिल्म करतोय असं सांगितलं. तो मान न वर करता कापड फाडत राहिला.

"हातमाग? अभी भी हाय का कोनाकडे?" तो म्हणाला. "लवकर काढून घ्या मंग."

दुपारी लुगडं पुरं झालं. कापड भिंतीला टांगून छपरातला उजेड मागावर पाडला. दिनकरनं जागा घेतली. कुंदा शाळेतून धावत आली होती, ती दारात उभी राहिली, रिबिनीसकट, दप्तर पायाशी. सोमाजींनी कात्रीला कुंकू लावलं. मी टेप सुरू केला.

कात्री धाग्यांतून जाते तेव्हा एक कोरडा, बारीक आवाज होतो, आणि ऐकताना तो फार वेळ चालल्यासारखा वाटतो. खोलीत कुणी हललं नाही. शेवटचा धागा तुटला, लुगडं सोमाजींच्या मांडीवर आलं, त्यांनी मागाच्या लाकडावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाले, "येतो." मग ते खाली वाकून उरलेल्या टोकांचे झुपके बांधू लागले.

"कसं झालं?" मी दिनकरला विचारलं.

तो कॅमेऱ्याला कान लावून बसला होता. "झालं चांगलं. पण शेवटी चावी सैल झाली की काय, आवाज बदलल्यासारखा वाटला. सेफ्टीसाठी आणखी एक टेक असता तर बरं."

ही आमच्या धंद्याची सवय. चांगलं झालं तरी सेफ्टीसाठी आणखी एकदा. शिकवताना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. दुसऱ्यांदा भात शिजवता येतो, दुसऱ्यांदा जिना चढता येतो, आणि कापणी? हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. त्याऐवजी मला वाटलं की दुसऱ्या खेपेला मागं कुंदाच्या चार मैत्रिणी उभ्या असतील तर शाळेतल्या पोरांना जास्त भावेल. मी कुंदाला मैत्रिणींना बोलवायला पिटाळलं.

"आजोबा, पुन्हा एकदा कापता येईल?" मी विचारलं.

सोमाजींनी झुपके बांधता बांधता वर बघितलं. "लुगडं तं निघालं ना गा."

"लुगडं नको. नुसती कात्री धाग्यांतून जाताना दिसली तरी पुरे."

"हे टोकं हायेत. हे कापले तं..." ते थांबले. दारात बघितलं. दारात कुणी नव्हतं. "तुमाले लागतेच का?"

मी म्हटलं, "एकदाच. नाहीतर इतक्या लांब येऊन आमचं काम अर्धं राहील."

त्यांनी कात्री पुन्हा हातात घेतली. पाहुण्याचं काम अर्धं राहिलं असतं. सैल धागे चांगले दिसत नाहीत असं मीच म्हणालो, म्हणून त्यांनी झुपक्यांत काठी अडकवून दोरी ताणून दिली. फणीपुढं उरलेली टोकं आखूड होती, तिथं कात्री बसेना. दिनकर म्हणाला, जरा मागं, फणीच्या मागं, तिथं उजेड आहे. सोमाजींनी फणी आणि वई यांच्यामध्ये कात्री घातली. मैत्रिणींची वाट बघावी असं मला वाटलं, पण ढग जाड होत होते, म्हणून मी म्हटलं, चालू.

या वेळी आवाज वेगळाच झाला. ताणलेले धागे तुटले की मागं उडत, वईच्या डोळ्यांतून सरसर निघून जात. पुढचे तुकडे फणीतून गळून खड्ड्यात पडत होते. सोमाजी शेवटपर्यंत कापत गेले. मग कात्री बाजूला ठेवली. 'येतो' काही म्हणाले नाहीत.

कुंदा दारात आली तेव्हा तिच्यामागं तीन मुली होत्या. तिनं मागाकडे बघितलं. मग ती आत आली, वईला हात लावला आणि रिकाम्या डोळ्यांतून बोट फिरवलं.

"काहून कापलं, आबाजी?"

"याहिले लागत होतं," सोमाजी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "तुमाले सांगतलं होतं ना मी. रामटेकले."

मी हो म्हटलं. तिनं मैत्रिणींना घरी जायला सांगितलं आणि खड्ड्यात उतरून एकेक धागा गोळा करू लागली. त्या धाग्यांचा आता काही उपयोग नव्हता.

पाचवा दिवस : उमरेड

गल्लीत वई भरणारं आता कुणी उरलं नव्हतं. कुंदाच्या आजीची बहीण चंद्रभागाबाई मात्र उमरेडला होती. तिलाही वई भरता येत असे. सकाळच्या बसनं मी आणि कुंदा निघालो. दिनकर सोमाजींपाशी थांबला. शेजाऱ्यानं कवेलू पुन्हा बसवले होते, त्यामुळे मागाच्या खोलीत मुळीच दिसत नव्हतं, आणि सोमाजी तिथंच बसून होते.

बसमध्ये कुंदा खिडकीशी बसली. मी दोनदा बोलायला सुरुवात केली. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

चंद्रभागाबाई ओसरीवर विड्या वळत बसली होती. पानं कापून मांडलेली, सुपात तंबाखू. आम्हाला बघून तिनं हात पुसले आणि कुंदाला जवळ घेऊन तिचा चेहरा अगदी डोळ्यांशी नेऊन न्याहाळला. त्यावरूनच मी काय ते समजलो. कुंदानं सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. 'कापल्या गेलं' एवढंच म्हणाली.

"मले कुठं दिसते आता वं," चंद्रभागाबाई म्हणाली. "विड्या हाताले ठाऊक हायेत म्हनून वळतो."

"तू नुसती सांग. मी भरतो."

म्हातारीनं सुपातली एक सुतळी घेतली, कुंदाच्या हातात दिली आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून काहीतरी दाखवू लागली. एक धागा या वईत, दुसरा त्या वईत, काठाला आल्यावर बदल, आणि तो बदल कसा ते तिला आठवेना. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी आणि काठापाशी येऊन थांबे. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिनं कुंदाचा हात सोडला.

"दोन वर्षं आधी काहून नाही आली वं बाई," ती म्हणाली. "तेव्हा दिसत होतं मले. बसून शिकवलं असतं."

तिनं आम्हाला भाजी-भाकरी वाढली. जवसाची चटणी होती. पहिल्या दिवशी कुंदानं तीच वाढली होती तेव्हा मला ती घरी नेऊन आईला दाखवावीशी वाटली होती. इथं मी ती नुसती गिळली. कुंदानं जेवून उष्टी काढली, म्हातारीच्या पाया पडली आणि आम्ही बस धरली.

निघण्याच्या दिवशी सोमाजींनी आम्हा दोघांना एकेक पंचा दिला. स्वतःच्या मागावरचा. नाही म्हणण्याचं तोंड आम्हाला नव्हतं. तुमचं काय होईल, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "होते काही तरी. सोसायटीवाल्याले पुसतो." कुंदा शाळेत गेली होती. दाराशी तिची चप्पल नव्हती एवढंच मी बघितलं.

कन्हान

पुण्यात फिल्म धुऊन आली. टेबलावर दोन्ही कापण्या मी शेजारी लावून बघितल्या. पहिल्यात कसलाही दोष नव्हता. चावी सैल झाली नव्हती, उजेड उत्तम होता, सोमाजींचा तळवा, ते 'येतो', मागं दारात रिबिनी घातलेली कुंदा, सगळं जिथल्या तिथं. दुसऱ्या कापणीची गरजच नव्हती. मी पहिली घेतली आणि दुसरी डब्यात टाकली.

शाळेत फिल्म लावली तेव्हा सर ठरल्याप्रमाणे पाठ करून उभे राहिले. कुंदाच्या आवाजावर पोरं हसली, माकडांवर आरडाओरडा केला, आणि कात्री धाग्यांत शिरली तेव्हा सगळा हॉल चिडीचूप झाला. कुणी हललं नाही. तिनं सांगितलं होतं तसंच. मला वर्गात पहिला नंबर मिळाला. गादीवर बसायचं टळलं.

जुलैत शाळा उघडल्यावर मी फिल्मची पेटी घेऊन नागपूरला गेलो, कुंदाच्या शाळेत दाखवायला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ती मुलगी दाखला घेऊन गेली. नववीत दुसरी आली होती. गल्लीतल्या घरात दुसरं बिऱ्हाड होतं. मी कामठीवरून कन्हानची बस धरली.

खाणीच्या चाळीत सगळं काळपट होतं, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. सोमाजी दाराबाहेर खाटेवर बसले होते, हात मांडीवर ठेवून. जवळ जाऊन मोठ्यानं बोललो तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"पिक्चर झाला का गा तयार?"

मी म्हटलं, झाला. मुलांना फार आवडला.

"अन् ते दुसऱ्या खेपेले कापलं, ते बराबर आलं ना?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती. सात महिने ते हाच प्रश्न घेऊन बसले असावेत असं मला वाटलं.

"हो आजोबा," मी म्हणालो. "तेच घेतलं."

"मंग बरं झालं," ते म्हणाले आणि खाटेवर नीट मागं टेकले. "मले वाटलं वाया गेलं का काय."

आमचं बोलणं आत ऐकू जात होतं. कुंदा चहा घेऊन आली. आता साडीत होती. वेणी एकच. तिनं कप माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.

"मी दिसतो का त्याच्यात?"

"दिसतेस ना. सगळा आवाजही तुझाच आहे."

"तसं नाही. कापताना. दारात उभी होतो, तशी."

तिला काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी धडपडून म्हणालो, "हो तर. दारात, रिबिनीसकट."

म्हणालो आणि जागच्या जागी थिजलो. दुसऱ्या खेपेला ती दारात नव्हतीच. तिला मी मैत्रिणींना बोलवायला धाडलं होतं. दारातली कुंदा फक्त पहिल्या कापणीत होती, आणि हे त्या चाळीत माझ्याइतकंच तिला ठाऊक होतं.

तिच्या तोंडावर राग आला असता तर मी सुटलो असतो.

"काय म्हन्ते वं तो?" सोमाजींनी विचारलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येत होतं.

"काही नाही आबाजी," कुंदा मोठ्यानं म्हणाली. "दुसऱ्या खेपेचंच हाय म्हन्ते. चांगलं आलं म्हन्ते." मग माझ्याकडे न बघता, "चहा घ्या भाऊ. थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. कप खाली ठेवला, उठलो, सोमाजींच्या पाया पडलो. निघताना 'येतो' म्हणायची माझी जीभ वळेना. नुसते हात जोडले आणि बसच्या रस्त्याला लागलो.